रथ अजून आला नाही

आमच्या घरी दिवस मोटेच्या आवाजानं उजाडायचा. सदूकाका नावाचा आमचा सालदार बैल जुंपून धावेच्या उतारावरून चालू लागला, विहिरीवरचं चाक करकरायला लागलं, मोटेचं पाणी थारोळ्याच्या दगडी कुंडीत पडू लागलं, की माय चुलीवर तवा ठेवायची. सदूकाकाचं गाणं आणि भाकरीवर पडणारे मायचे थापटे एकाच तालात चालत, असं मला लहानपणी वाटायचं. अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचा मळा होता. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि विहिरीच्या खालच्या अंगाला झेंडू नि शेवंती. बाबा भाजीची पाटी घेऊन बाजारात जात. फुलांची टोपली मात्र माझ्याकडे असे. ती अंबादेवीच्या देवळापुढच्या दुकानात टाकायची आणि तसंच पुढे हायस्कुलात जायचं. माझ्या सदऱ्याला कायम शेवंतीचा वास यायचा. वर्गातली पोरं नाक मुरडून म्हणत, "आली रे माळीण!" मला राग यायचा, पण दुपारच्या सुटीत मायनं दिलेली भाकर, जवसाची चटणी आणि कांदा सोडला की तीच पोरं भोवती जमत.

आमच्या घराण्यात हायस्कूल पाहिलेला मी पहिलाच. बाबांचं एकच म्हणणं, शाळेनं पोराला मळ्याचा विसर पाडू नये. त्यामुळे लिमये मास्तरांनी मला नाटकात घेतलं, तेव्हा ते मी पुष्कळ दिवस घरी सांगितलं नव्हतं. मास्तर पुण्याकडचे. उंच, किडकिडीत, बोलताना प्रत्येक शब्द धुऊन पुसून ठेवल्यासारखा. आमची वऱ्हाडी बोली सुरुवातीला त्यांच्या कानाला टोचायची. "काहून नव्हे रे, का!" असं ते दिवसातून कितीदा तरी म्हणायचे. दरवर्षी संमेलनात कुठलं तरी छापील नाटक व्हायचं. भाड्याचे मुकुट यायचे आणि लाकडी तलवारींनी पोरं एकमेकांचे गुडघे फोडायची. त्या वर्षी मास्तर म्हणाले, "यंदा नाटक तुम्हीच रचायचं. तुमच्या मुलखाची गोष्ट सांगा."

आमच्या मुलखाची गोष्ट म्हणजे रुक्मिणीची. कौंडण्यपूर तिचं माहेर. भावानं तिचं लग्न शिशुपालाशी ठरवलं, आणि ती अंबेच्या दर्शनाला आली असता श्रीकृष्णानं तिला रथातून नेलं. आम्ही ज्या देवळापुढे फुलं विकत होतो तेच ते देऊळ, अशी आमच्याकडची समजूत. पोरांनी लगेच श्रीकृष्णाच्या मुकुटाचं बोलणं काढलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून वासूनं विचारलं, "सर, थे पोरगी गेली पळून. पण त्या दिवशी तिच्या घरी भाकरी कोणी केल्या असतीन?"

वर्ग हसला. मास्तर मात्र हसले नाहीत. ते टेबलावर हात टेकून म्हणाले, "वासुदेव, पुन्हा बोल. अगदी असंच बोल."

वासू तिवशाचा. त्याच्या घरी काळ्या मातीची शेती होती आणि तो शाळेच्या बोर्डिंगात राहायचा. बारीक अंगाचा, पातळ आवाजाचा, आणि कशालाही न भिणारा. म्हणून तोच रुक्मिणी झाला. मी माळीण झालो, तिच्याजवळ फुलं घेऊन येणारी आणि तिच्या पोटातलं ओळखणारी सखी. शाळा सुटल्यावर आम्ही मागच्या वडाखाली बसायचो. कोणी आचारी व्हायचं, कोणी पहारेकरी, आणि तोंडाला येईल ते बोलायचं. त्यातलं बरं असेल ते मास्तर ठेवायला सांगायचे. हळूहळू त्यांनी "काहून"ला टोकणं सोडून दिलं. दोन अंक असे झाले. तिसऱ्या अंकात देवळात रुक्मिणी आणि माळीण दोघीच रथाची वाट पाहत बसतात. त्या काय बोलतील हे काही केल्या जमेना. "भीती वाटत असेल तिला," मास्तर म्हणायचे. "घाबरलेलं माणूस कसं बोलतं, ते तुम्हाला अजून ठाऊक नाही."

ते आम्हाला त्याच महिन्यात कळलं.

पाऊस त्या साली मध्येच तुटला होता. ज्वारी कंबरेइतकीच राहून पिवळी पडली होती. दसऱ्याच्या आसपास बाजारात एक शब्द फिरू लागला, मानमोडी. मुंबईकडून आगगाडीतून आली म्हणत. लढाईवरून परतलेल्या शिपायांनी आणली असंही म्हणत. सकाळी खोकला, संध्याकाळी ताप, मान ताठ, आणि पुढे माणूस उठला तर उठला. म्हाताऱ्यांना ती घरी ठेवायची आणि तरणीताठी माणसं न्यायची. प्लेग पाहिलेले लोक सांगत, प्लेगाला उंदीर तरी आधी दिसायचे, हिला काहीच नाही, ही वाऱ्यावर येते. त्या दसऱ्याला मी आपट्याची पानं घेऊन शेजारच्या मळ्यात गेलो, तर तिथल्या काकूनं दार किलकिलं केलं आणि आतूनच म्हणाली, "बाप्पा, तिथंच ठेवजो सोनं. हातावर नोको देऊ." एरवी गालाला हात लावणारी बाई. मी उंबऱ्यावर पानं ठेवली. वळून पाहिलं तर ती काठीनं ती पानं बाहेर लोटत होती.

फुलांना त्या वर्षी कधी नव्हे इतकी मागणी आली. देवळापुढचा दुकानदार म्हणायचा, "झेंडू आण, लागन तेवढा आण." काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की देवळात तर कोणी येत नाही. आमची फुलं तिरडीवर जात होती. रस्त्यानं "रामनाम सत्य है" ऐकू आलं की माय शांतीचे, माझ्या धाकट्या बहिणीचे, कान दाबून धरायची. पुढे पुढे तो आवाजही थांबला. न्यायला चार माणसं मिळेनात, बैलांच्या बंडीत घालून नेऊ लागले, आणि ओरडायला कोणाच्या अंगात दम उरला नाही. मी नंतर मास्तरकी केली. माझ्या निरोपाच्या समारंभात मुलांनी झेंडूचा हार आणला, तेव्हा तो मी गळ्यात घालू न देता हातात घेतला. त्यांना वाटलं, गुरुजी विनयशील आहेत.

वर्गातली बाकं रिकामी होत गेली आणि एका सकाळी शाळेला कुलूप दिसलं. बोर्डिंगातली पोरं आपापल्या गावी पळाली. वासूचा चुलता बंडी घेऊन आला, पण त्याला न्यायला नव्हे, फाटकाबाहेरूनच निरोप देऊन परतला. तिवशाला घरोघरी माणसं पडली होती. बापानं सांगितलं होतं, येऊ नको, तिथंच राह्य. बोर्डिंगाचा आचारी आधीच निघून गेला होता. त्या दुपारी लिमये मास्तर टांग्यातून वासूला घेऊन आमच्या मळ्याच्या कुंपणाशी आले. बाबा भाजीला पाणी देत होते.

"याला ठेवून घ्याल का?" मास्तरांनी विचारलं. "मला अकोल्याला जावं लागतंय. कुटुंब बाळंतपणाला माहेरी आहे तिथं, आणि तापानं पडल्याचा निरोप आलाय. याला कुणाच्या हवाली करू?"

बाबांनी वासूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी मास्तर लोकं," ते म्हणाले, "आमच्या दाराशी मागून राहिले, तं नाई कसं म्हनाव? राहू द्या. खाईन आमच्यासंगं भाकर."

मास्तरांनी टांग्यात पाय ठेवला आणि वळून आम्हा दोघांना म्हणाले, "तिसरा अंक बोलत राहा रे. मी आल्यावर ऐकीन." त्यांचा चेहरा इतका पांढरा दिसत होता की मला त्यांना थांबवावंसं वाटलं. पण मास्तरांना थांबा कसं म्हणणार?

पुढचे काही दिवस वासू आमच्यात राहिला. शांतीला तो रुक्मिणीच्या आवाजात हाका मारायचा आणि ती खिदळायची. मग एका पहाटे चाक करकरलं नाही. सदूकाका आपल्या खोपटात पडून होता, आणि दुसऱ्या दिवशी मावळतीला तो गेला. बाबांनी आणि मी त्याला आमच्याच बंडीत नेलं. घरी आल्यावर बाबा ओट्यावर बसले ते उठलेच नाहीत. त्यांना हुडहुडी भरली. रातभर माय त्यांच्या उशाशी होती. सकाळी वासूला खोकला लागला.

माय अंगणात उभी राहिली. एका खोलीत नवरा, दुसऱ्या खोलीत शांती, आणि ओट्यावर दुसऱ्याचं पोरगं. तिचे हात पदरात गुंडाळलेले होते. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं आणि तेव्हाही ती रडली नाही. फक्त तिचा आवाज फार हळू झाला. "नामा," ती म्हणाली, "मी दोन जागी नाई राहू शकत. तू याले घेऊन विहिरीपाशीच्या खोपीत राह्य. थारोळ्यावर मी पेज ठेवत जाईन. मी मांगं सरली का मंग घेजो. घराकडे येऊ नोको." मग थोडं थांबून, "त्याच्या मायले मी काय सांगू, त्याले काही झालं तं?"

खोपी म्हणजे चार बल्ल्या, तीन बाजूंना कपाशीच्या काड्यांच्या भिंती आणि वर त्याच पऱ्हाटीचं छप्पर. तिथून विहीर हाकेवर, आणि विहिरीला कठडा नव्हता. मी वासूला बाजेवर निजवलं. मायनं दिलेला ओवा आणि कडुनिंबाचा पाला कोपऱ्यात धुमसत ठेवला. चाक बंद होतं, सदूकाका नव्हता, बैल दावणीला नुसते उभे होते. इतकी शांतता मी त्या मळ्यात कधी ऐकली नव्हती. वासूचा श्वास तेवढा ऐकू यायचा, आणि तो मध्येच अडला की माझाही अडायचा. माझ्या घशात जरा खवखवलं तरी मी मान हलवून पाहायचो, ताठ तर नाही ना झाली.

दुपार भरात आली तसा ताप चढला. वासूनं डोळे उघडले. ते लाल होते आणि माझ्या पलीकडे कुठेतरी पाहत होते. तो पातळ, स्वच्छ आवाजात म्हणाला, "माळीणबाई, रथ आला का?"

"वासू," मी म्हटलं, "नाटक नाई चालू. मळ्यात हाये आपण. झोप."

"रथ आला असन. मले जाऊ दे." तो उठलाच. इतक्या तापात त्याला इतकं बळ कुठून आलं कोण जाणे. मला ढकलून तो खोपीबाहेर पडला आणि सरळ विहिरीकडे चालू लागला. मी धावून त्याच्या कमरेला मिठी मारली, त्यानं कोपर मारून मला पाडलं. धावेच्या टोकाला पाणी उन्हात लखलखत होतं, आणि तो त्या लखलखाटाकडेच पाहत होता. मी नाव घेऊन ओरडलो, त्याला ऐकू गेलं नाही. मग काय सुचलं देव जाणे, वडाखाली काढायचो तो माळणीचा आवाज काढून मी म्हणालो, "बाईसाहेब, बसा! रथ अजून आला नाई!"

तो थांबला. "नाई आला?"

"नाई जी. रथाचा आस मोडला. लोहार बसून राहिला दुरुस्त करत. येवढ्या उन्हात उभ्या काहून राहता? चला, सावलीत बसा."

तो माझा हात धरून परत आला, राजाची लेक यावी तसा. मी त्याला बाजेवर निजवलं. मी खालीच बसून राहिलो.

तेव्हापासून आमचं तेच सुरू झालं. तो विचारायचा आणि मी रथाला अडवून धरायचो. वर्धा नदीला पूर आहे, नाव लागत नाही. घोड्यांना चंदी द्यायची राहिली. देव जेवायला बसलेत. पेज नको म्हणाला की मी सांगायचो, अंबेचा परसाद आहे, टाकू नये, आणि तो तोंड उघडायचा. सकाळी ताप जरा उतरला की तो नुसता पडून राहायचा, मला ओळखायचा की नाही कळत नसे. दुपार झाली की मला भीती वाटायची. खोटं बोलायला शब्द पुरतील का, याची. सांजच्याला माय थारोळ्याशी यायची. आम्ही लांबून बोलायचो.

"कसा हाये?"

"हाये. बाबा?"

"हायेत. शांती बरी हाये." एवढं बोलून ती उभीच राहायची, आणि मीही.

मग वासूच्या नाकातून रक्त आलं. ओठ जांभळे पडू लागले. लोकांकडून ऐकलं होतं, ओठांना हा रंग आला की माणूस राहत नाही. त्या दुपारी त्यानं विचारलंच नाही. त्याचा चेहरा एकदम शांत झाला आणि तो खोपीच्या दाराकडे पाहून हसला. "आला," तो म्हणाला. "मले दिसून राहिला." आणि त्यानं हात पुढे केला, कोणी वर चढायला हात द्यावा तसा.

मी दाराकडे पाहिलं. तिथं ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. पण ज्या खात्रीनं तो पाहत होता, तिनं मला गारठवून टाकलं. आस मोडल्याचं आता सांगून उपयोग नव्हता, रथ तर दारात उभा होता. मी त्याचा तो पुढे केलेला हात दोन्ही हातांनी धरला आणि जीव खाऊन ओरडलो, "त्यात नोका बसू, बाईसाहेब! तो आपला रथ नोहे! शिशुपालाचा हाये तो! पाहा नीट, शिशुपालाचा!"

त्याच्या कपाळावर आठी पडली. तो दाराकडे पाहत राहिला. मग त्याचा हात माझ्या हातात मागे सरला. "शिशुपाल," तो पुटपुटला आणि त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी हात सोडला नाही. सूर्य कलला, माय येऊन पेज ठेवून उभी राहिली, तिनं हाका मारल्या, मला उठता येईना. शेवटी तिनं स्वतःच घातलेली मर्यादा मोडली आणि खोपीत आली. तिनं वासूच्या पाठीवरून हात फिरवला आणि तो हात वर धरून मला दाखवला. तो घामानं ओला होता. "नामा," ती म्हणाली, "ताप सुटून राहिला."

बाबा उठले, पण त्यांचा दम पुढे कायमचा कमी झाला. शांतीला त्या रोगानं शिवलं नाही. शेजारच्या मळ्यातल्या काकूचं दार मात्र पुन्हा उघडलं नाही. वासू पुष्कळ दिवस भिंत धरून चालायचा. त्याला काही आठवत नव्हतं, निदान तो तसं म्हणायचा, आणि मीही विचारलं नाही. मग त्याचा बाप तिवशाहून आला, पोराला पाहून अंगणातच खाली बसला. वासूची आई गेली होती. त्यानं तोंडानं ते सांगितलं नाही, वासूला बापाच्या डोक्यावरचे केस उतरवलेले दिसले.

शाळा उघडली त्या दिवशी शिपायानं फाटकातच सांगितलं की लिमये मास्तर अकोल्यालाच वारले. बायकोची शुश्रूषा करताना त्यांना ताप आला. त्या वाचल्या. संमेलन त्या वर्षी झालं नाही, कोणी नावही काढलं नाही. पण आम्ही पोरं वडाखाली जमू लागलो. तिसरा अंक आता अडत नव्हता. मी सांगायचो, माळीण असं म्हणेल, रुक्मिणी तसं म्हणेल, आणि पोरं विचारायची, "तुले कसं सुचते बे?" मी म्हणायचो, सुचते.

थंडी सरता सरता मास्तरांच्या सासुरवाडीहून निरोप आला. त्यांच्या बाईंना आम्हाला भेटायचं होतं. आम्ही नाटकातली सगळी पोरं आगगाडीनं अकोल्याला गेलो. लहानसं घर, पुढे शेणानं सारवलेलं अंगण, आणि ओसरीवर पाळणा. बाई आमच्याहून फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी आम्हाला पोहे दिले, आमची नावं विचारली, आणि ती त्यांना आधीच माहीत आहेत हे आमच्या लक्षात आलं.

"शेवटी शेवटी तापात ते तुमचंच बोलत होते," त्या म्हणाल्या. "मुलांचा तिसरा अंक राहिला, म्हणत होते. झाला का तो?"

"झाला, बाई."

"मग मला दाखवा."

आमच्याकडे ना मुकुट, ना पडदा. वासूनं त्यांच्याच एका जुन्या लुगड्याचा पदर डोक्यावरून घेतला. शेजारच्या बायका कुंपणाशी येऊन उभ्या राहिल्या. भाकरीच्या प्रवेशाला बाई हसल्या, तोंडावर हात ठेवून, चोरून हसावं तशा. तिसऱ्या अंकात कोणी हललं नाही. मी "शिशुपालाचा हाये तो!" म्हणून ओरडलो तेव्हा पाळण्यातलं मूल दचकून रडायला लागलं आणि बाईंनी त्याला उचलून छातीशी धरलं. तशाच उभ्या राहून त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. संपल्यावर त्यांनी विचारलं, "आणि खरा रथ?"

"तो येते बाई," मी म्हटलं. "पण आमी नाटक त्याच्या आधीच संपवतो."

त्यांनी मान हलवली. "बरं करता," म्हणाल्या. मग आम्हाला वाटेसाठी दशम्या बांधून दिल्या.

परतीच्या गाडीत पोरं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टाकून पेंगत होती. वासू आणि मी खिडकीशी होतो. बाहेर पऱ्हाटीची रिकामी वावरं मागे जात होती. बडनेरा जवळ आलं तसं वासू बाहेरच पाहत म्हणाला, "मले थोडं आठवते."

मी बाहेरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं.

"लोहार, पूर, थे नाई आठवत. पण तू माहा हात धरला होता, थे आठवते. रथ तं खराच होता, नामा. लय साजरा होता. शिशुपालाचा नव्हता, मले माईत होतं."

"मंग काहून नाई गेला?" मी विचारलं.

"तुहा हात असा कापून राहिला होता," तो म्हणाला आणि त्यानं आपला हात थरथरवून दाखवला. "मी म्हटलं, हे पोट्टं येवढं भेलं हाये, याले इथं एकटं टाकून कसं जाव?"